हयगयीने, अविचाराने, भरधाव

सोलापूर जिल्ह्यातल्या रस्ता अपघाताची कोणतीही फिर्याद हातात घ्या, तिच्या शेवटच्या तीन ओळी न वाचता म्हणून दाखवता येतात. आपल्या ताब्यातील वाहन रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून अमक्याच्या मरणास कारणीभूत झाला, म्हणून माझी त्याच्याविरुद्ध कायदेशीर फिर्याद आहे. अशा ओळी इंग्रजीत नेणं हा माझा रोजगार. मोटार अपघाताच्या दाव्यातले मराठी कागद, म्हणजे फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, विमा कंपनीच्या वरच्या कचेरीत इंग्रजीतून लागतात. दावा अपिलात गेला की उच्च न्यायालयातही लागतात. हे गठ्ठे पूर्वी मुंबईला जायचे. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूरची अपिलं तिकडे जाऊ लागली. गाडी बदलली, ओळ बदलली नाही. मराठीतली हयगय, अविचार आणि भरधाव ही तिन्ही इंग्रजीत जाताना ठरलेल्या दोन विशेषणांत बसवली जातात: रॅश आणि नेग्लिजंट. त्यातलं दुसरं मला जास्त खटकतं. ते एकदा कागदावर आलं की पुढचं काही पाहायची, मोजायची, लिहायची गरज कोणालाच वाटत नाही. दुसऱ्याच्या बेपर्वाईची नोंद करणारा शब्द आपल्याकडे बेपर्वाईनेच वापरला जातो, असं माझं या कागदांवरून झालेलं मत आहे, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा मेलेल्या माणसाच्या घरचे मोजतात.

कायद्यात मुळात हा शब्द इतका ढिला नाही. भारतीय दंड संहिता १८६० ची. अविचाराच्या किंवा हयगयीच्या कृत्याने कोणाचा जीव गेला तर काय, हे सांगणारं कलम ३०४-अ तिच्यात १८७० मध्ये घातलं गेलं. तिथे दोन शब्दांच्या मध्ये 'किंवा' आहे, 'आणि' नाही. दोहोंत फरक काय, हे मद्रासच्या उच्च न्यायालयाने १८७२ सालीच सांगून ठेवलंय. धोका दिसत असूनही 'काही होत नाही' या भरवशावर पुढे जाणारा तो अविचारी; आणि घ्यायची ती खबरदारी न घेतल्यामुळे धोका ज्याच्या ध्यानातच आला नाही, तो हयगय करणारा. पहिल्याला कळलं होतं, दुसऱ्याला कळायला हवं होतं. समोरून एसटी येताना दिसत असताना ओव्हरटेकला निघालेला ट्रकवाला पहिल्या जातीचा. मागे कोण उभं आहे हे न पाहता टेम्पो रिव्हर्स घेणारा दुसऱ्या. एकाच कृतीबद्दल एकाच क्षणी माणूस दोन्ही कसा असेल, हा प्रश्न फिर्यादीला पडत नाही. तिथे दोघांच्याही गळ्यात एकच माळ. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलम १०६(१) ने शिक्षेची मर्यादा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं १०६(२) हे पोटकलम मात्र जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर अमलात न आणता बाजूला ठेवलं गेलं. एवढी उलथापालथ होऊन फिर्यादीत कलमांचे आकडे तेवढे नवे आले, मजकूर जुनाच राहिला. शिक्षा अडीचपट झाली तरी ती ज्यावर उभी राहायची ते वाक्य आहे तसंच.

निष्काळजी असणं ही काही मोजून-मापून लिहायची गोष्ट नव्हे, की पंचांनी पाहिली आणि उतरवली. तो निष्कर्ष आहे. कोणती काळजी घ्यायला हवी होती, ती कशी घेतली गेली नाही, आणि जे झालं ते त्यामुळेच झालं का, एवढं कळल्यावर मग तो शब्द लावायचा. फिर्यादीतल्या त्या ठरीव ओळीत तर दुर्लक्ष कशाकडे झालं तेही दिलेलं असतं: रस्त्याच्या परिस्थितीकडे. ही परिस्थिती काय होती हे पाहायला पंचनामा उघडावा, तर तिथे चतुःसीमा भेटते. सदरचा रस्ता डांबरी असून पूर्व-पश्चिम जातो. पूर्वेस सोलापूर, पश्चिमेस मोहोळ, उत्तरेस अमक्याचं शेत, दक्षिणेस बाभळीची झाडं. रस्त्यावर काचांचा खच व रक्ताचे डाग. मोटारसायकलचं पुढचं चाक वाकलेलं, अंदाजे नुकसान इतकं. येणेप्रमाणे पंचनामा समक्ष केला असे. जमिनीच्या खरेदीखताला ही चतुःसीमा शोभली असती. रस्त्याची रुंदी किती, साइडपट्टी किती खचलेली, टायर घासल्याच्या खुणा आहेत का, असल्या तर किती मीटर, दोन्ही वाहनं दुभाजकापासून कुठे थांबली, खांबावरचा दिवा चालू होता का, कामाचा फलक होता का, वळण किती अंतरावरून दिसतं, यातलं एखाददुसरं सापडलं तर नशीब म्हणायचं. म्हणजे ज्या परिस्थितीकडे चालकाने दुर्लक्ष केलं असं कागद सांगतो, तिच्याकडे कागदानेही पाहिलेलं नसतं. मग मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल येतो. त्यात ब्रेक, स्टिअरिंग, दिवे तपासून शेवटी बहुधा एकच शेरा असतो: अपघात यांत्रिक दोषामुळे झालेला नाही. गाडी सुटली, रस्ता लिहिलाच गेला नाही, उरला चालक. अशा वजाबाकीने हातात आलेल्या माणसाला विशेषण चिकटवणं सोपं जातं.

उसाच्या हंगामात हे फार स्पष्ट दिसतं. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की टेंभुर्णी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, कोणताही रस्ता घ्या, रात्री ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या चालू असतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांना डोकावलेला, मागे वाढ्यांचा झुबका लोंबतोय, आणि त्या झुबक्यामागे दिवा असलाच तर तो झाकलेला. ट्रॉलीचा पाटा तुटला किंवा टायर फुटला की ती जागेवरच उभी राहते. चालक चार दगड लावतो, उसाची मोळी टाकतो आणि मदत शोधायला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. वाहनाच्या मागे लाल परावर्तक हवेत, ट्रेलर झाला तरी हवेत, हे त्यात आहे. रात्री अकराला कामावरून परतणारा मोटारसायकलवाला समोरच्या ट्रकच्या प्रखर दिव्यांनी दिपतो आणि त्या काळ्या ढिगावर जाऊन आदळतो. आता कागद पाहा. पंचनाम्यात 'मोटारसायकल ट्रॉलीच्या पाठीमागील बाजूस धडकलेली' हे असतं. ट्रॉलीला परावर्तक होते की नव्हते, होते तर वाढ्यांखाली झाकलेले होते का, ट्रॉली डांबरावर उभी होती की खाली साइडपट्टीवर, चंद्र होता का, पलीकडून वाहनं येत होती का, हे नसतं. आणि मग ते विशेषण कोणाला लागायचं हे जवळपास नाणेफेकीवर ठरतं. फिर्याद मयताच्या भावाने दिली तर ट्रॅक्टरचालक हयगय करणारा. ट्रॅक्टरवाल्याने आधी ठाणं गाठलं तर मयत. दोन्हीकडे शब्द तेच आणि पुरावा तितकाच, म्हणजे नसल्यात जमा. उभ्या वाहनावर मागून आदळलेल्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अर्चित सैनी प्रकरणात इंडिकेटर न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या गॅस टँकरच्या चालकालाच संपूर्ण जबाबदार धरलं, मोटारीतल्यांच्या माथी मारलेला अर्धा वाटा काढून टाकला. त्या निकालाचा आधार सोलापूरच्या वकिलालाही घेता येतो, पण त्यासाठी 'इंडिकेटर नव्हता' एवढी एक ओळ कागदावर लागते.

हे वाक्य फिर्यादीत येतं कसं, तेही पाहायला हवं. फिर्याद सांगणारा आणि लिहिणारा यांची भाषा सोलापुरात पुष्कळदा एक नसते. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या गावातली बाई घरात कानडी बोलते. पूर्व भागातल्या विणकराच्या घरात तेलुगू. जखमी धाराशिवकडून, नाहीतर सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीच्या गावातून सिव्हिलला आणलेला असतो आणि पहिली नोंद सिव्हिल पोलीस चौकीत होते. माणूस सांगतो ते 'अंधारात काही कळलंच नाही', 'एकदम अंगावर आला', 'माझा मुलगा डाव्या बाजूनंच चालला होता' असं. त्यात डावी बाजू आहे, अंधार आहे, एकदम आहे. हे तीन तपशील टाकाऊ नाहीत, तपास इथूनच सुरू व्हायला हवा. लिहून होताना डावी बाजू कधीकधी टिकते, अंधार जातो, आणि 'एकदम'चं भरधाव होतं. जी व्यक्ती अपघाताच्या वेळी वीस किलोमीटरवर घरी होती तिच्याही तोंडी भरधाव वेग घातला जातो. पुढे उलटतपासणीत 'तुम्ही पाहिलं का?' एवढा एकच प्रश्न पुरतो. अशा फिर्यादीच्या इंग्रजी तर्जुम्यात ती बाई चार इंग्रजी कायदेपंडितांच्या थाटात बोलू लागते, ही आमच्या कामातली नेहमीची विसंगती. शब्द तिचे नसतात हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही सगळे ते तिचेच धरून चालतात.

सगळ्यात विचित्र कागद तो, ज्यात फिर्यादीतला आरोपी आणि मयत एकच असतो. एकट्याची गाडी खड्ड्यात आदळून किंवा खचलेल्या साइडपट्टीवरून घसरून माणूस गेला की बऱ्याचदा गुन्हा त्याच्यावरच दाखल होतो: हयगयीने, अविचाराने वाहन चालवून स्वतःच्या मरणास स्वतः कारणीभूत. आरोपी मयत म्हणून पुढे समरी अहवाल जातो आणि फाइल बंद होते. फौजदारी बाजूला याने कोणाचं काही बिघडत नाही असं वाटतं. बिघडतं ते दाव्याच्या बाजूला. स्वतःच्याच चुकीने गेलेल्याच्या वारसांना त्याच गाडीच्या विम्यातून मोटार वाहन कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, मालकाकडून गाडी मागून घेतलेला माणूसही मालकाच्याच जागी धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निंगम्मा निकालापासून पक्कं आहे. मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ पासून आहे, पण ते पॉलिसीत घेतलेलं असेल आणि परवाना चालू असेल तरच. म्हणजे खड्डा न मोजता लिहिलेलं एक विशेषण घरातल्या कर्त्या माणसाच्या मागे राहिलेल्यांचा रस्ता बंद करतं. खड्ड्याचं काय? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू वा अपंगत्व आलं तर जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना दंड. किती, तर जास्तीत जास्त एक लाख रुपये. चालकाला पाच वर्षांपर्यंत कैद, रस्ता करणाऱ्याला लाखाच्या आत दंड. आणि तो लावायलाही आधी कोणीतरी खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली लिहायला हवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, तेव्हा निदान मेलेल्याच्या बाजूने एक दार उघडलं. त्या दारातून आत जातानाही पहिला कागद तोच लागणार, फिर्याद आणि पंचनामा. त्यात खड्डा नसेल आणि मयताची हयगय असेल, तर वारसांनी काय दाखवायचं?

हेच शब्द पुढे बेरजेत जातात, ही त्यातली मोठी गोम. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत, आणि त्यातल्या ७१.२ टक्के मृत्यूंचं कारण अतिवेग असं दिलं आहे. हा आकडा भाषणात, फलकांवर, शाळेतल्या निबंधात सगळीकडे फिरतो. तो जमतो कुठून? ठाण्याठाण्यातल्या नोंदींतून. आणि त्या नोंदीत वेग कोणी मोजलेला असतो? वेग जीव घेतो यात शंका नाही; भौतिकशास्त्र कोणाच्या फिर्यादीवर अवलंबून नाही. पण जिथे भरधाव हा शब्द आधीच छापल्यासारखा असतो तिथे अतिवेगाची टक्केवारी काय सांगते, चालकाचा वेग की लिहिणाऱ्याची सवय, हे वेगळं करता येत नाही. त्यातून उपायही एकाच दिशेने सुचतात: चालकाचं प्रबोधन, सप्ताह, शपथ. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या सायंकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीला निघालेल्या कोल्हापूरकडच्या दिंडीत मोटार शिरली आणि सात वारकरी गेले. तिथल्या चालकाची जबाबदारी न्यायालय ठरवील. मात्र कार्तिकी कोणत्या दिवशी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं, दिंड्या कोणत्या रस्त्यांनी येतात हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि महामार्गावर संध्याकाळी अंधार लवकर पडतो हेही. पालखी मार्गाचं चौपदरीकरण घेताना चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी ठेवायचं ठरलं, त्याची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ ला बसली. म्हणजे बघायचं ठरवलं तर दिसतं. बाकीच्या रस्त्यांवरच्या दिंड्यांच्या बाबतीत 'चालकाने भरधाव' इथेच वाक्य संपलं, तर ती पट्टी तिथे कधी सुचणारच नाही.

यावर पहिला आक्षेप पोलिसांच्या बाजूने येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कलमात जे शब्द आहेत ते फिर्यादीत आलेच पाहिजेत, नाहीतर आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी 'गुन्ह्याचे घटकच नाहीत' म्हणून अर्ज टाकील. शब्द यावेत, जरूर यावेत. पण ते नुसतेच आले तर काय होतं याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या प्रकरणात देऊन ठेवलंय: ट्रक जास्त वेगात होता एवढ्यावरून हयगय किंवा अविचार सिद्ध होत नाही; जास्त वेग म्हणजे किती, हे फिर्यादी पक्षाने पुराव्याने दाखवायला हवं. चालक सुटला. म्हणजे ज्या शब्दांच्या भरवशावर खटला उभा करायचा, त्या शब्दांनी तो पडतो. घटक पूर्ण व्हायचे ते तपशिलाने. 'साइडपट्टी सोडून उजव्या लेनमध्ये आला, टायरच्या खुणा अठरा मीटर' असं लिहिलेलं असेल तर हयगय हा शब्द नसला तरी न्यायाधीश तो स्वतः काढतील.

दुसरा आक्षेप मला जास्त अडवतो, कारण तो गरिबाच्या बाजूचा आहे. भरपाईच्या दाव्यात फौजदारीइतका काटेकोर पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याचा संभव जास्त एवढं पाहिलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने बिमला देवी प्रकरणात २००९ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे फिर्याद आणि दोषारोपपत्रावर ते विशेषण असलं की विधवेचा दावा बराच पुढे सरकतो. ते काढून घेऊन तपशील मागायला लागलात तर तपशील येणार नाहीत आणि विशेषणही जाईल, दोन्हीकडून ती बाईच मरेल. बरोबर आहे, म्हणून विशेषण काढा असं मी म्हणतच नाही. पण दाव्यात समोर विमा कंपनी असते आणि तिचा वकील तीच फिर्याद उलटी वाचतो. मयताचीही हयगय होती, वाटा धरा, पन्नास-पन्नास करा, हा त्याचा नेहमीचा बचाव. तपशील नसलेला कागद दोन्ही पक्षांना हवा तसा वाचता येतो, आणि त्यात जिंकतो तो ज्याच्याकडे वेळ जास्त आहे. २० लाखांच्या दाव्यात तिसरा हिस्सा कापला गेला तर तो साडेसहा लाखांहून जास्त होतो; परावर्तक नसल्याची एक ओळ ते वाचवू शकली असती. कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख देणारं कलम १६४ कायद्यात आहे. तेही या शब्दापासून सुटका म्हणूनच आलेलं दिसतं, पण तरुण कमावता माणूस गेलेल्या घराला पाच लाखांत समाधान माना असं कोण सांगणार?

तिसरा आक्षेप सरळ आहे: सोलापूरच्या रस्त्यावर उभं राहून पाहा, लोक खरंच बेदरकार चालवतात. ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, दुभाजकातला पुढचा छेद पाव किलोमीटर लांब पडतो म्हणून महामार्गावर उलट्या दिशेने, हातात मोबाइल, कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डाच्या तोंडाशी आडवे लावलेले ट्रक. रस्त्याचा आणि ट्रॉलीचा तपशील लिहायला सांगून मी चालकांना पळवाट काढून देतोय असं कोणाला वाटेल. माझा अनुभव उलट सांगतो. उलट दिशेने येत होता हे ज्या कागदात नकाशासकट आहे, त्या कागदात चालकाला सुटायला जागा उरत नाही. मुंबईतल्या कार्टर रोडच्या २००६ च्या अपघातात, ज्यात झोपलेले सात मजूर मेले, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये चालक ॲलिस्टर परेराची शिक्षा नुसत्या हयगयीच्या कलमाखाली न ठेवता सदोष मनुष्यवधाखालीही कायम केली. ते दारूच्या तपासणीसारख्या ठोस गोष्टी कागदावर होत्या म्हणून. तिथे अविचार हा शब्द अपुरा पडला, कारण घटना शब्दापेक्षा जास्त सांगत होती. दोषी चालकाला खरा धोका तपशिलाचा असतो. ठरीव ओळ त्याच्या फायद्याची असते, कारण तीत तो आणि त्याच्यासारखे हजार एकाच मापाचे दिसतात.

राहता राहिला वेळेचा आणि माणसांचा प्रश्न. रात्री दोन वाजता महामार्गावर अपघात झाला की तिथे पोहोचलेला हवालदार आधी जखमींना गाडीत घालतो, मग मागे लागलेली ट्रकांची रांग सोडवतो. टेप काढून खुणा मोजत बसला तर दुसरा अपघात तिथेच होईल. हे मान्य करूनही एवढं म्हणता येतं की आता या कामाला चौकट आहे. अपघातांची माहिती जागेवरून मोबाइलवर भरायची आयरॅड ही प्रणाली आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांनी बनवली. ती पहिल्यांदा ज्या सहा राज्यांत आली त्यांत महाराष्ट्र होता. १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा आहे, आणि त्या नमुन्यांत रस्ता, प्रकाश, वळण यांच्या जागा आहेत. धोका एवढाच की मोबाइलवर 'अतिवेग' हा पर्याय एका बोटाच्या अंतरावर असतो. फोटो मात्र चांगले येऊ लागलेत. अलीकडच्या गठ्ठ्यांत पंचनाम्याला जोडलेला फोटो पंचनाम्यापेक्षा जास्त बोलतो: मजकुरात नसलेली ट्रॉली फोटोत असते, तिच्या मागच्या फळीवर परावर्तक नसतो, आणि खाली तारीख-वेळ असते. फोटोचं इंग्रजी करावं लागत नाही.

अनुवादकालाच कोणी विचारील, तुला एवढं दिसतं तर इंग्रजीत सुधारत का नाहीस? ते काम माझं नव्हे. मूळ कागदात नसलेला अंधार मी इंग्रजीत पाडू शकत नाही. माझ्या हातात आहे ते किरकोळ, पण टाळण्यासारखं नाही. मराठीत नुसती हयगय असेल तर बोटांच्या सवयीने रॅश जोडायचा नाही, नुसतं नेग्लिजंट लिहायचं; अविचार असेल तर तो वेगळा न्यायचा. भरधाव हा तिसरा शब्द दोन विशेषणांत विरघळू न देता वेगाचाच शब्द म्हणून ठेवायचा, कारण १९९८ च्या सतीश निकालानंतर न्यायाधीश नेमकं तेच शोधतात. आणि पंचनाम्यात 'रस्त्याची रुंदी अंदाजे' एवढं लिहून पुढचा आकडा भरायचा राहिला असेल, तर इंग्रजीतही 'अंदाजे'च्या पुढे जागा मोकळी सोडायची, आणि मूळ कागदात ती तशीच कोरी आहे हे खाली कंसात नोंदवायचं. टंकलेखक ती नोंद चूक समजून अधूनमधून काढून टाकतात. ती परत घालावी लागते.